प्राचीन तुरुंग शोधायचा कसा?

माझं रोजचं काम लॉग वाचण्याचं आहे. पैशांचे व्यवहार एका यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत जातात, मधेच कुठेतरी अडकतात, आणि सकाळी साडेनऊला मला फोन येतो. अशा वेळी डिझाइनच्या कागदपत्रांत काय लिहिलंय ते बघून फारसा उपयोग नसतो. तिथं सगळं नीटच असतं. प्रत्यक्षात काय घडलं ते लॉगमध्ये असतं, आणि तेही अर्धवट. कारण ज्या क्षणी गडबड होते, नेमक्या त्याच क्षणी नोंद करणारा भागही बहुतेकदा बंद पडलेला असतो.

ही सवय घेऊन मी गेल्या हिवाळ्यात एका भलत्याच विषयात शिरलो: प्राचीन काळच्या तुरुंगांचा इतिहास. याला एक घरगुती कारण होतं, ते शेवटी सांगतो. मी इतिहासकार नाही, मला ग्रीक किंवा लॅटिन येत नाही. पण हे संशोधन करणारी माणसं दिवसभर नेमकं काय करतात ते वाचत गेलो, तसतसं त्यांचं काम मला ओळखीचं वाटायला लागलं.

इतिहासाच्या पुस्तकांत एक विधान इतक्या वेळा भेटतं की त्याचा पुरावा मागायचं सुचतच नाही. ते असं, की प्राचीन काळी शिक्षा म्हणून तुरुंग नव्हता. ग्रीक-रोमन जगात माणसाला दंड व्हायचा, फटके बसायचे, हद्दपार केलं जायचं, खाणीत राबायला पाठवलं जायचं, ठार मारलं जायचं. तुरुंग असलाच तर तो खटला उभा राहीपर्यंत किंवा शिक्षेची अंमलबजावणी होईपर्यंत माणूस ठेवायची जागा. कोंडून ठेवणं हीच शिक्षा, ही कल्पना आधुनिक युरोपची. मिशेल फूकोचं तुरुंगाच्या जन्मावरचं पुस्तक १९७५मध्ये आलं, त्यानंतर तर हे समीकरण आणखीच पक्कं झालं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी ते अर्धं वाचलं होतं. उरलेलं अर्धं अजून बाकी आहे.

प्राचीन काळाबद्दलच्या या समजुतीचा मोठा आधार म्हणजे उल्पियन नावाच्या रोमन कायदेपंडिताचं एक वाक्य. हा तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा माणूस. सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डायजेस्ट' या संकलनात त्याचं लेखन जपलं गेलं. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की तुरुंग माणसांना ठेवून घेण्यासाठी असावा, शिक्षा देण्यासाठी नव्हे. पिढ्यानपिढ्या हे वाक्य उद्धृत झालं आणि त्यावरून रोमन लोक शिक्षा म्हणून कोंडत नसत असा निष्कर्ष काढला गेला.

पण त्याच उताऱ्यात, या वाक्याच्या अगदी आधी, उल्पियन सांगतो की प्रांतांचे गव्हर्नर लोकांना तुरुंगात किंवा बेड्यांत ठेवण्याची शिक्षा सर्रास देतात आणि त्यांनी तसं करू नये.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चक्क हसलो. हा तर आमचा रोजचा अनुभव! 'या फंक्शनला रिकामी व्हॅल्यू कधीही पाठवू नये' अशी ठळक सूचना कोडमध्ये दिसली, की खुशाल समजावं, कुणीतरी ती पाठवली होती आणि मोठा घोटाळा झाला होता. नियम वाचून व्यवस्था कशी चालायची ते कळत नाही, तो नियम करायची पाळी का आली ते मात्र कळतं.

*

मॅथ्यू लार्सन हे कोपनहेगन विद्यापीठातले अभ्यासक आणि मार्क लेटेनी हे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले इतिहासकार. या दोघांचं भूमध्य समुद्राभोवतीच्या प्राचीन जगातल्या तुरुंगवासावरचं पुस्तक २०२५मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. इ. स. पू. ३०० ते इ. स. ६०० एवढा त्याचा पल्ला. तुरुंग ही त्या जगातली नेहमीची, गावोगावची गोष्ट होती, असं ते दाखवतात. या वाटेवर ते पहिले नाहीत. येन्स-उव्ह क्राउझे यांचा रोमन साम्राज्यातल्या तुरुंगांवरचा जर्मन ग्रंथ १९९६चा, आणि ज्यूलिया हिल्नर यांचं उत्तर-प्राचीन काळातल्या तुरुंग, शिक्षा आणि प्रायश्चित्तावरचं पुस्तक २०१५चं. मेसोपोटेमियात शिरलं तर आणखी मागे जाता येतं. सुमेरियन लोकांची नुंगल नावाची तुरुंगाची देवीच होती. तिचं स्तोत्र जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वी लेखनिक होऊ पाहणाऱ्या पोरांना उतरवून काढायला द्यायचे. तेव्हाच्या पाठ्यपुस्तकातला धडाच म्हणा ना.

या संशोधकांच्या कामाचा पहिला भाग म्हणजे कायदे उलटे वाचणं. सम्राट कॉन्स्टंटाइनचा इ. स. ३२०चा आदेश घ्या. आरोपीला हाडांपर्यंत रुतणाऱ्या लोखंडी कड्या घालू नयेत, त्याला आतल्या काळोख्या कोठडीत डांबू नये, उजाडल्यावर बाहेर उजेडात आणावं. इ. स. ३४०चा आदेश म्हणतो की स्त्रिया आणि पुरुष कैद्यांना वेगळं ठेवावं. इ. स. ४०९चा म्हणतो की न्यायाधीशांनी दर रविवारी कैद्यांची विचारपूस करावी, ज्यांच्याकडे खायला नाही त्यांना अन्न मिळेल असं बघावं, आणि त्यांना पहाऱ्यात अंघोळीला न्यावं. हे सलग वाचलं की दयाळू सम्राटांची मालिका दिसते. उलटं वाचलं की दिसतात ते हाडांत रुतलेल्या कड्या, अंधार, एकाच खोलीत कोंबलेले बायका-पुरुष, भूक आणि आठवडेच्या आठवडे न धुतलेली अंगं.

उलटं वाचणं बरोबर आहे की नाही, हे मात्र दुसऱ्या पुराव्याशी ताडून बघावं लागतं. नाहीतर प्रत्येक नियमामागे अत्याचार कल्पण्याची खोड लागते. इथं लिबानियस कामी येतो. अँटिऑक शहरातला हा नामांकित वक्ता. इ. स. ३८६च्या सुमारास त्याने सम्राट थिओडोसियसला उद्देशून कैद्यांबद्दल एक भाषण लिहिलं. त्याची तक्रार अशी, की किरकोळ भांडणावरूनही लोक आत टाकले जातात, गव्हर्नरांना खटले चालवायला सवड नसते, आणि आतल्या गर्दीतच माणसं मरून जातात. अपराधी कोण आणि निरपराध कोण, हे ठरायच्या आधीच.

आणि त्याआधी जवळजवळ पावणेदोनशे वर्षं, इ. स. २०३मध्ये, कार्थेजच्या तुरुंगात पर्पेटुआ नावाची बाविशीतली मुलगी होती. ख्रिस्ती झाली म्हणून पकडलेली, अंगावर पिणारं बाळ असलेली. तिने आतले दिवस स्वतः लिहून ठेवले असं मानलं जातं. असा अंधार तिने कधी पाहिलेला नव्हता, गर्दीमुळे उकाडा असह्य होता, शिपाई पैसे उकळायचे, आणि बाळाची काळजी जीव खात होती. तिच्या ओळखीच्या दोघा डीकननी लाच दिली, तेव्हा कुठे काही तासांसाठी तुरुंगाच्या जरा बऱ्या भागात जाऊन बाळाला पाजता आलं. अंधार, गर्दी, पैसा. शतकभरानंतर सम्राटाने काढलेल्या आदेशातही तोच अंधार आहे. दोन वेगळ्या यंत्रणांच्या लॉगमध्ये एकच चूक दिसावी तसं.

*

दुसरा भाग शब्दांचा. इथं मी स्वतः हात घालून बघितला आणि सपशेल तोंडावर पडलो.

इजिप्तच्या कोरड्या वाळूत ग्रीकमध्ये लिहिलेले हजारो पपायरस टिकले आहेत. भाडेकरार, पावत्या, तक्रारअर्ज, घरगुती पत्रं. काही तर ममीच्या वेष्टणातून सोडवून काढलेत. जुने सरकारी कागद एकावर एक चिकटवून ते वेष्टण तयार करायचे, आपल्याकडे रद्दीचा लगदा करून मुखवटे करतात तसं. या मजकुरांच्या आवृत्त्या 'पपायरी डॉट इन्फो' या सर्वांसाठी खुल्या संग्रहात आहेत आणि त्यांचा सगळा एक्सएमएल डेटा गिटहबवरून उतरवून घेता येतो. एवढं कळल्यावर कुठला इंजिनिअर गप्प बसेल? शनिवारी दुपारी मी सगळा डेटा उतरवला आणि तुरुंगासाठीचा ग्रीक शब्द शोधायला लावला. फुलाके.

निकालांचा ढीग पडला. मी खूश! मग एकेकाचा अनुवाद बघायला लागलो. फुलाके म्हणजे मुळात पहारा. तोच शब्द पिकाच्या राखणीला, चौकीला आणि तुरुंगालाही. शब्दाच्या मुळावर शोध घेतला तर पहारेकरी आले, आणि पहारेकऱ्यांसाठी वसूल होणारा फुलाकितिकॉन नावाचा करही आला. म्हणजे मी तुरुंग शोधत होतो आणि हाती लागल्या होत्या करवसुलीच्या पावत्या. उलट ज्या अर्जांत माणूस नुसतं 'मला आत टाकलंय' किंवा 'मला अडकवून ठेवलंय' म्हणतो, ते माझ्या जाळ्यातून निसटले.

शिवाय डेटा फाटका. पपायरसच्या आवृत्तीत जिथं अक्षर पुसट आहे तिथं त्याखाली टिंब देतात, जिथं तुकडाच गेलाय तिथं चौकटी कंस. कंसातला मजकूर कधी संपादकाने अंदाजाने भरलेला असतो. एक्सएमएलमध्ये या प्रत्येकासाठी वेगळी खूण आहे: हरवलेलं, अस्पष्ट, भरून काढलेलं. माझ्या प्रोग्रॅमने त्या सगळ्या खुणा काढून टाकून मजकूर सपाट केला होता. परिणामी एखाद्या संपादकाने 'इथं बहुधा तुरुंग हा शब्द असावा' म्हणून घातलेला शब्दही मी पुरावा म्हणून मोजत होतो. ऑफिसात एखाद्या नवख्याने असं केलं असतं तर मी त्याला अर्धा तास सुनावलं असतं.

इतिहासकार हेच काम एकेका कागदावर करतो. अक्षर खरंच दिसतंय की कुणी भरलंय, भरलं असेल तर कशाच्या आधारावर, या अर्जातला 'पहारा' म्हणजे नक्की काय. हे सगळं पार पडल्यावर जे शिल्लक राहतं ते अस्सल असतं. इ. स. पू. तिसऱ्या शतकात इजिप्तच्या फय्यूम भागात झेनॉन नावाचा एक कारभारी होता. त्याच्या दप्तरातले सुमारे दोन हजार पपायरस सापडले आहेत, आणि त्यांत कैद्यांनी त्याला लिहिलेले अर्जही आहेत. माझं प्रकरण बघा, मला सोडवा, इथं उपाशी मरतोय. बऱ्याच जणांनी ते लेखनिकाकडून लिहून घेतले असणार, कोर्टाबाहेर बसलेल्या टंकलेखकाकडून आपण अर्ज लिहून घेतो तसे.

शब्दांचा हा गुंता आपल्याकडेही आहे. अशोकाच्या लेखांत 'बंधन' हा शब्द कैदेसाठी येतो. आपल्या राज्याभिषेकापासूनच्या सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा कैदी सोडले, असं तो पाचव्या स्तंभलेखात सांगतो. ग्रीकमधला तुरुंगाचा दुसरा शब्द, देस्मोतेरिऑन, याचाही अर्थ बांधण्याची जागा. आणि मराठी 'तुरुंग'? हा पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आलाय. त्रोंको म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी ओंडका तो त्रोंको, आणि त्यावरून ती जागाही. हे वाचलं आणि आपला 'खोडा' आठवला. खोड आणि खोडा! 'कामात खोडा घालणं' आपण रोज म्हणतो, त्यामागे पाय अडकवलेला एक माणूस आहे हे लक्षातही येत नाही. बायबलच्या नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांमध्ये, फिलिप्पीच्या तुरुंगात पौल आणि सीला यांचे पाय ज्यात अडकवले त्यालाही ग्रीकमध्ये नुसतं 'लाकूड' म्हटलंय. एकमेकींपासून इतक्या दूरच्या भाषांनीही या जागेला नाव देताना भिंतीकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं पायांकडे.

*

तिसरा भाग भिंतींचा, आणि तो सर्वांत निसरडा.

अथेन्सला गेलेल्या माणसाला फिलोपापोस टेकडीवर 'सॉक्रेटिसचा तुरुंग' दाखवतात. खडकात खोदलेल्या खोल्या, पुढे लोखंडी गज. फोटो उत्तम येतो. तिथं सॉक्रेटिस होता असं मानायला मात्र काही आधार नाही. दुसऱ्या महायुद्धात अथेन्समधल्या प्राचीन वस्तू लपवायला त्या खोल्या वापरल्या, हा त्यांचा खरा इतिहास. दुसरा उमेदवार आहे प्राचीन बाजारपेठेच्या नैर्ऋत्येला. मधे बोळ, एका बाजूला पाच खोल्या, दुसऱ्या बाजूला तीन. एका खोलीत जमिनीत बसवलेला रांजण. शिवाय औषधाच्या छोट्या मातीच्या तेरा कुप्या आणि सॉक्रेटिसची वाटावी अशी एक छोटी संगमरवरी मूर्ती. यूजीन व्हँडरपूल या पुरातत्त्वज्ञाने १९७०च्या दशकात सुचवलं, की हाच अथेन्सचा सरकारी तुरुंग. मरण्याआधी सॉक्रेटिसने अंघोळ केली असं प्लेटो लिहितो, तिला हा रांजण, आणि विषाला या कुप्या. सगळं किती छान जुळतं! आणि म्हणूनच बाकीच्यांनी शंका घेतली. बोळ, खोल्या आणि रांजण कारखान्यातही असतात आणि गोदामातही.

खरी पंचाईत अशी, की दगडाची जाड भिंत, बारीक झरोका आणि एकच दार एवढ्यावरून इमारतीचा उपयोग ठरत नाही. विट्रुव्हियस हा रोमन वास्तुकार सांगतो की खजिना, तुरुंग आणि सभागृह ही तिन्ही चौकाला लागून असावीत. म्हणजे खजिना आणि तुरुंग शेजारी शेजारी आणि बांधणीही सारखी. एकात कुणी आत येऊ नये म्हणून भिंत, दुसऱ्यात कुणी बाहेर जाऊ नये म्हणून. दोन हजार वर्षांनी सोनं आणि माणसं दोन्ही गेल्यावर उरलेल्या भिंतीवरून ते कसं ओळखायचं? त्यात खासगी कोंडवाडे वेगळेच. शेतीवर लिहिणारा कोलुमेला सांगतो, की बेड्या घातलेल्या गुलामांसाठी जमिनीखाली खोली असावी, आणि तिचे अरुंद झरोके हात पोचणार नाही इतके उंच असावेत. पोम्पेईत २०२३मध्ये असाच उंचावर गज लावलेले झरोके असलेला एक बेकरीचा भाग उघडकीला आला. तिथं गुलाम माणसं आणि गाढवं मिळून जातं फिरवत. तो तुरुंग म्हणायचा का? सरकारी दप्तरात तो तुरुंग नव्हता. आतल्या माणसाला काय फरक पडत असेल?

म्हणून एका खुणेवर विसंबता येत नाही. लेखी उल्लेख, जागेचं शहरातलं स्थान, दाराची कडी कुठल्या बाजूला, जमिनीवर काय पडलंय, असं सगळं एकत्र ठेवावं लागतं. अल्जीरियातल्या लांबेसिस इथं रोमन सैन्याच्या तिसऱ्या ऑगुस्ता लीजनची छावणी होती. तिच्या मुख्यालयाखालच्या खोल्या म्हणजे लष्करी तुरुंग, अशी मांडणी लेटेनी आणि लार्सन यांनी २०२१मध्ये केली. गंमत म्हणवत नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रेंचांनी याच छावणीच्या अवशेषांवर आपला तुरुंग उभारला होता आणि तिथं राजकीय कैदी पाठवले होते.

आणि कॉरिंथ. ग्रीसमधल्या या शहराच्या चौकालगत फरसबंदीच्या दगडांवर ओरखडून लिहिलेला ग्रीक मजकूर शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच उजेडात आला होता. लार्सनने २०२४मध्ये तो सगळा एकत्र वाचून दाखवलं, की ही जागा उत्तर-प्राचीन काळातला तुरुंग होती. कुणी देवाकडे सुटका मागतोय. या अन्यायाच्या जागी सोसणाऱ्यांचं नशीब उघडो, अशा आशयाची कुणाची प्रार्थना आहे. ज्यांनी आम्हाला इथं टाकलं त्यांना वाईट मरण येवो, असा कुणाचा तळतळाट आहे. आणि मजकुरासोबत दगडावर कोरलेले खेळांचे पट आहेत.

असे ओरखडे सरळ उजेडात दिसतही नाहीत. कॅमेरा जागचा हलू न देता, दिवा वेगवेगळ्या कोनांवर धरून डझनावारी फोटो काढतात, मग संगणकावर उजेडाची दिशा फिरवत फिरवत अक्षर उमटतं का ते बघत बसायचं. खोदकामाचा हंगाम वर्षाला काही आठवडे, परवानग्यांसाठी महिने, आणि बाकी वर्ष वाचनात. एका खोलीबद्दल चाळीस पानांचा लेख, आणि त्यातही 'बहुधा', 'शक्य आहे', 'नाकारता येत नाही'. मला पूर्वी हे शब्द पळवाट वाटायचे. आता वाटतं, ते पपायरसमधल्या अक्षराखालच्या टिंबासारखे आहेत. किती दिसतंय तेवढंच सांगणारे.

या सगळ्या पुराव्यात शरीर फार क्वचित सापडतं. इंग्लंडमधल्या ग्रेट कास्टर्टनला एका खड्ड्यात पुरलेला सांगाडा मिळाला. २०२१मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोमन काळातला पुरुष, दोन्ही घोट्यांना लोखंडी बेड्या, आणि त्या कुलूपबंद. मेल्यावरही कुणी काढल्या नाहीत. तो कैदी होता की गुलाम, बेड्या जिवंतपणीच्या होत्या की मेल्यावर मुद्दाम घातलेल्या, हे बेड्या सांगत नाहीत.

*

आता घरगुती कारण.

मी आठवीत असताना मामा चार महिने 'बाहेरगावी' होता. तो एका पतसंस्थेत लेखनिक होता. तिथं अफरातफर झाली, आणि वह्यांवर सही ज्यांची होती त्या सगळ्यांना पोलिसांनी उचललं. जामीन व्हायला चार महिने आणि अकरा दिवस लागले. खटला सात वर्षं चालला आणि तो निर्दोष सुटला. आमच्या घरात 'तुरुंग' हा शब्द त्या काळातही कुणी उच्चारला नाही आणि नंतरही नाही. आई दर पंधरवड्याला डबा घेऊन एसटीने जायची, तेव्हाही 'मामाच्या गावाला जाऊन येते' म्हणायची. आजही काही सांगताना घरचे म्हणतात, 'मामा बाहेरगावी होता ना, त्या साली.' उद्या कुणी आमच्या घरातली पत्रं आणि डायऱ्या गोळा करून त्यात तुरुंग शोधला, तर त्याला माझ्यासारखंच काही मिळायचं नाही.

निकालाची प्रत मात्र आहे. तिच्यात आरोपी क्रमांक चार निर्दोष. म्हणजे कागदोपत्री मामाला कोणतीही शिक्षा झाली नाही. उल्पियनच्या वाक्याप्रमाणेच आहे हे. त्याला नुसतं ठेवून घेतलं होतं. कच्चा कैदी म्हणतात त्याला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२च्या अखेरीला भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्ची कैदी. शंभरातली जवळजवळ शहात्तर. शिक्षेची आकडेवारी काढली तर त्यांच्यातलं कुणीच त्यात येणार नाही. दीड हजार वर्षांनी कुणी फक्त आपले कायदे वाचून लिहिलं, की या देशात दोषी ठरल्याशिवाय कुणाला शिक्षा होत नसे, तर त्याला चूक कसं म्हणायचं? आणि बरोबर तरी कसं?

दिवाळीत मामाकडे गेलो होतो. मी काय वाचतोय असं त्यानेच विचारलं. लॅपटॉपवर कॉरिंथचा फोटो होता, दगडावरच्या पटाचा. हे काय आहे ते सांगितलं. तुरुंग हा शब्द त्याच्यासमोर मी पहिल्यांदाच उच्चारला, आणि मामी स्वयंपाकघरात गेली.

मामाने चष्मा लावून फोटो नीट बघितला. म्हणाला, "आमच्यात एक जण वाघ-बकरी आखायचा. कोळशाने. सकाळी झाडताना पुसून जायचं." मग जरा थांबून विचारलं, "किती जण होते रे इथं?"

मी म्हणालो, ते सांगता येत नाही, खोलीच्या मापावरून अंदाज करता येईल फार तर.

"माप कशाला," तो म्हणाला. "फरशा मोज. आमच्याकडे माणशी अडीच फरशा होत्या. नवीन माणूस संडासाकडची बाजू घ्यायचा, कुणी सुटलं की एकेक फरशी पुढे सरकायचं. मी सुटलो तेव्हा खिडकीपासून चौथा होतो."

पंधरा वर्षांत त्याने त्या चार महिन्यांबद्दल सांगितलेलं हे एवढंच. मी हे लिहून काढू का, असं विचारलं. त्याने चष्मा काढला, काच पुसली, आणि म्हणाला, "लिही. नाव घालू नकोस."